मनाची फाइल, शरीराची वही: बालपणीचे आघात आणि तीव्र मानसिक आजार असताना शरीर कसं सांभाळावं

ताई दंडाला बीपीचा पट्टा बांधू द्यायला लागली, तोवर दीड वर्ष गेलं होतं. पट्टा फुगू लागला की ती हात हिसकावून घ्यायची, कधी उठून सरळ बाहेर जायची. केसपेपरवर शेरा पडायचा: ‘सहकार्य करत नाही.’ तिला स्किझोफ्रेनिया आहे हे माहीत असल्यामुळे कुणाला त्याचं नवलही वाटायचं नाही. दंड आवळला जाण्याचा तिच्या लहानपणाशी संबंध आहे, हे फार उशिरा कळलं. तिनंच एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही. पुढे मोजलं तेव्हा बीपी वाढलेलं निघालं. कधीपासून वाढलं होतं, ते सांगायला कागदावर एकही आकडा नव्हता.

मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे. मानसिक आजारासह जगणाऱ्याला ‘शुभार्थी’ आणि त्याच्या सोबत्याला ‘शुभंकर’ म्हणायची जी पद्धत मराठीत पडली आहे, ती मला आवडते. हा लेख दोघांसाठी आहे. ताईनं तो वाचला, दोन ठिकाणी खोडलं आणि बाकीचं चालेल म्हणाली. औषधांबद्दल खाली बरंच काही येईल. ते डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा म्हणून लिहिलं आहे. गोळी स्वतःच्या मनानं कमी-जास्त करायची नाही.

## या दोन गोष्टींचा संबंध काय

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा अतितीव्र नैराश्य असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षं आधी जातात. हे ऐकलं की मनात पहिल्यांदा आत्महत्या येते. तो धोका खराच आहे. पण या गमावलेल्या वर्षांचा मोठा वाटा हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, फुप्फुसांचे विकार अशा ओळखीच्या आजारांचा आहे. यातले बरेचसे वेळीच सापडू शकतात, मोजले तर.

दुसरं टोक बालपणाचं. १९८०च्या दशकात व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर अमेरिकेत सॅन दिएगोला वजन कमी करण्याचा उपचार कार्यक्रम चालवत होते. ज्यांचं वजन छान उतरत होतं तीच माणसं उपचार मध्येच सोडून जात. कारण शोधू गेल्यावर त्यांच्यातल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. काहींना वाढलेलं शरीर हे चिलखतासारखं वाटत होतं. पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७,००० हून जास्त प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं. १९९८ साली आलेल्या पहिल्या निबंधात दिसलं ते असं: छळ, घरातली मारहाण, घरातलं व्यसन अशा अनुभवांचे प्रकार जितके जास्त, तितकं मोठेपणी हृदयविकार, फुप्फुसांचे जुनाट आजार आणि यकृताचे आजार यांचं प्रमाण पायरीपायरीनं चढत जातं. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा जास्त प्रकार आले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट होता. सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारे आजार, यांबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली मांडलेल्या आढाव्यात बालपणीच्या आघातांशी त्याचा संबंध सुमारे २.८ पट निघाला.

शरीरात होतं काय? सतत धास्तीत वाढलेल्या मुलाची ताणाची यंत्रणा सुट्टीवर जायलाच शिकत नाही. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं वेळापत्रक बिघडतं, रक्तदाब आणि साखर यांच्यावरचा ताबा सैल होतो, आणि रक्तात एक मंद दाह धुमसत राहतो. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा आजही पाठपुरावा सुरू आहे. त्यांच्यातल्या ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्या रक्तात वयाच्या ३२व्या वर्षी सीआरपी, म्हणजे दाहाची खूण, वाढलेली सापडली.

या पायावर आजार येतो. आजारासोबत एकटेपणा, तंबाखू, मोडलेली झोप येते. वर औषधं येतात, ज्यातली काही वजन आणि साखर वाढवतात. आणि सगळ्यांच्या वर एक थर असतो ज्याच्याकडे कुणी बघत नाही: लहानपणी ज्याच्या शरीरावर दुसऱ्यांचा ताबा होता, तो माणूस मोठेपणी शरीर कुणाच्या हाती द्यायला तयार नसतो. तो तपासण्या टाळतो. बालपण बदलता येत नाही, आजार एका दिवसात जात नाही, पण हा शेवटचा थर खरवडता येतो. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

दोन सावधगिऱ्या. बालपणीच्या अनुभवांची गुणसंख्या काढून ‘याला अमुक होणारच’ म्हणू नये. गटासाठी काढलेला आकडा एका माणसाचं भविष्य सांगत नाही, आणि असा वापर करू नका हे खुद्द अँडा यांनीच २०२० साली लिहिलं. दुसरं म्हणजे, प्रत्येक तीव्र मानसिक आजारामागे आघात असतोच असं नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. १९४८ साली ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ असा शब्दप्रयोग आला आणि पुढची कित्येक वर्षं निरपराध आयांनी ते ओझं वाहिलं. त्या वाटेनं पुन्हा जायचं नाही.

## पहिली पायरी: एक वही

मनोविकारतज्ज्ञांकडे एक फाइल, फॅमिली डॉक्टरांकडे दुसरी, लॅबचे रिपोर्ट कुठल्यातरी पिशवीत. तिघांनी एकमेकांचं काही वाचलेलं नसतं. म्हणून साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलवरही चालेल, पण वही डॉक्टरांसमोर उघडून ठेवता येते आणि तिची बॅटरी संपत नाही.

पहिल्या पानावर आजाराचं नाव, सुरू असलेली सगळी औषधं, त्यांचे डोस, सुरू केल्याच्या तारखा. इंजेक्शन असेल तर शेवटचं कधी घेतलं. पूर्वी कुठल्या औषधानं काय त्रास झाला. घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार, थायरॉइड.

दुसऱ्या पानावर आकडे, तारीखवार. त्याबद्दल लगेच पुढे.

तिसरं पान सगळ्यात महत्त्वाचं: ‘मला तपासताना’. त्यावर काय लिहायचं हे चौथ्या पायरीत आहे.

वहीत बालपणी काय घडलं ते लिहू नका. वही दहा हातांतून जाते. ते लिहायचंच असेल तर वेगळी जागा, वेगळं कुलूप.

## दुसरी पायरी: काय मोजायचं, कधी मोजायचं

नवं अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरचं, औषध सुरू होण्याआधी किंवा निदान पहिल्या आठवड्यातच हे आकडे घ्यावेत: वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी. ‘आधीचा’ आकडा नसेल तर नंतर काय वाढलं हे सांगायला कुणाकडेच काही नसतं. आमच्याकडे तसंच झालं.

वजन पुढे चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी. रक्तदाब, साखर आणि लिपिड तीन महिन्यांनी पुन्हा, त्यानंतर निदान वर्षातून एकदा. आकडे सीमेवर असतील तर डॉक्टर जास्त वेळा करायला सांगतील.

पहिला महिना डोळ्यांत तेल घालून बघा. पहिल्या महिन्यातच वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून जास्त वाढलं, तर पुढे ते बरंच वाढण्याची शक्यता असते. ‘तब्येत सुधारतेय’ म्हणून कौतुक करण्यात तो महिना निघून जातो. तेव्हाच डॉक्टरांना फोन करा.

चयापचयाची गाडी रुळावरून घसरतेय हे ओळखण्याचे पाच निकष ठरलेले आहेत. कंबरेचा घेर दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त. उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. यातले तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत साधारण तिघांपैकी एकाला तो सापडतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज देणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेहाचा पल्ला, आणि तिथे दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात.

घेर मोजताना टेप बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. शुभार्थीनं स्वतः मोजलं तर उत्तम. कंबरेभोवती दुसऱ्याचे हात येणं हेच अनेकांना नको असतं.

उपाशी राहण्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. लहानपणी ज्याला शिक्षा म्हणून उपाशी ठेवलं गेलं, त्याला ‘रात्रीपासून काही खायचं नाही’ ही सूचना साधी वाटत नाही. माणूस तपासणी चुकवतो आणि कारण सांगत नाही. अशा वेळी एचबीए१सी करायला सांगा. तिला उपाशी राहावं लागत नाही. लिपिडसुद्धा बऱ्याचदा खाऊनही तपासता येतं, ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं निघालं तरच पुन्हा उपाशीपोटी करावं लागतं. वजनकाट्याचंही तसंच. शरीरावरून टोमणे ऐकत जो वाढला, तो काट्याकडे पाठ करून उभा राहू शकतो. आकडा वहीत जाईल, मोठ्यानं वाचला जाणार नाही, एवढं आधी सांगावं.

आकडे नुसते लिहून काही होत नाही, हे मी स्वतः एक वर्ष लिहीत बसल्यावर शिकलो. आकडा सीमा ओलांडतो तेव्हा पुढची कृती कोण करणार, फॅमिली डॉक्टर की मनोविकारतज्ज्ञ, हे दोघांनाही तोंडावर विचारून त्याच पानावर लिहून घ्या. नाहीतर दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

## तिसरी पायरी: बालपणाबद्दल विचारावं का, कसं

माझं मत: शुभंकरानं खोदून विचारू नये. तज्ज्ञानं मात्र कधीतरी विचारावं, घाई न करता आणि दार बंद करून.

एक गैरसमज आधी दूर करू. ‘हिला भास होतात, मग हिच्या बालपणीच्या आठवणींवर कसा विश्वास ठेवायचा?’ सायकोसिस असलेल्यांनी सांगितलेले बालपणीचे अनुभव वर्षांनंतर पुन्हा विचारले तरी बरेचसे तसेच राहतात, लक्षणांच्या चढउतारानुसार बदलत नाहीत, असं अभ्यासांत दिसलं आहे. लोक वाढवून सांगण्यापेक्षा लपवतातच जास्त.

तज्ज्ञांकडे यासाठी तयार प्रश्नावल्या असतात. त्यांतली एक २८ प्रश्नांची आहे. ती भावनिक, शारीरिक आणि लैंगिक छळ, तसंच भावनिक आणि शारीरिक दुर्लक्ष, असे पाच भाग वेगळे बघते. दुर्लक्ष हा शब्द मुद्दाम अधोरेखित करतो. मारहाण नसली म्हणजे बालपण ठीक, असं आपण धरून चालतो. ज्या मुलाला आजारपणात कुणी डॉक्टरकडे नेलंच नाही, ते मूल मोठेपणी छातीत दुखत असताना गप्प बसतं. दुखणं सांगून काही होत नाही, हा त्याचा अनुभव असतो.

शुभार्थीनं स्वतःहून काही सांगितलं तर? हातातलं काम सोडा. ऐका. ‘नक्की असंच झालं का’, ‘आधी का नाही सांगितलंस’, ‘आता विसरून जा’ ही तीन वाक्यं गिळा. ‘सांगितलंस ते बरं केलंस, माझा विश्वास आहे’ एवढं पुरतं. तपशील मागू नका. शेवटी एकच विचारा: हे डॉक्टरांना कळलं तर चालेल का, आणि कोण सांगणार, तू की मी? नाही म्हटलं तर नाही. अपवाद फक्त दोन. जीवाला धोका असेल, किंवा तोच माणूस आजही एखाद्या लहान मुलाच्या जवळ वावरत असेल, तर गप्प राहता येत नाही. हे त्या शुभार्थीला स्पष्ट सांगूनच पुढचं पाऊल टाका.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: बीपी, साखर, दात यांची तपासणी नीट व्हावी म्हणून कुणालाही आपली कहाणी सांगावी लागता कामा नये. कारण न सांगता ‘मला असं तपासा’ म्हणता येतं. वहीचं तिसरं पान त्यासाठी आहे.

## चौथी पायरी: ‘मला तपासताना’

शांत दिवशी, चहाच्या वेळी, शुभार्थीसोबत बसून हे पान लिहा. त्याच्याच शब्दांत. ताईचं पान तिच्या परवानगीनं असं:

‘पट्टा बांधण्याआधी सांगा. मागून हात लावू नका. मी हात वर केला की थांबा, मग मी सांगेन तेव्हा पुन्हा करा. माझा भाऊ खोलीत राहील, पण पडद्याच्या आत येणार नाही. दाराकडे तोंड करून बसवा.’

पाच वाक्यं. कुठेही ‘का’ नाही. तपासणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते वाचून मान डोलावली. एकानं हसण्यावारी नेलं, तिथे आम्ही परत गेलो नाही.

बीपीसाठी आम्ही केलं ते असं. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घरी आणलं. मनगटावरची यंत्रं सोयीची असली तरी तितकी भरवशाची नसतात. पहिला आठवडाभर पट्टा नुसता टेबलावर पडून होता. मग तिनं तो माझ्या दंडाला बांधला, बटण तिनं दाबलं. मग स्वतःच्या दंडाला, न फुगवता. मग एकदा फुगवून, कधीही बंद करायची मुभा तिच्या बोटाखाली. सहाव्या आठवड्यात पहिला आकडा मिळाला. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसणं, पाय जमिनीवर, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजणं, हे नियम नंतर आले. काही औषधांनी उभं राहिल्यावर बीपी एकदम उतरतं आणि भोवळ येते, म्हणून अधूनमधून उभं राहूनही मोजावं.

रक्त काढताना झोपून की बसून, बघायचं की नाही, कोणता हात, हे शुभार्थी ठरवेल. दोन वेगळ्या डॉक्टरांच्या तपासण्या असतील तर एकाच वेळी रक्त काढून घेता येतं का, तेही विचारा.

दातांचं प्रकरण सगळ्यात अवघड. अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी म्हणजे कीड जास्त. आणि उपचार काय? मागे रेललेली खुर्ची, तोंडावर वाकलेला अनोळखी माणूस, तोंडात हत्यारं, बोलता येत नाही. ज्याच्यावर अत्याचार झालेत त्याला हे काय वाटत असेल ते सांगायला नको. मागून घ्यायचं ते असं: पहिली भेट फक्त बोलण्याची, खुर्ची अर्धी उभी, हात वर केला की थांबायचं, भेटी छोट्या, दिवसातली पहिली वेळ म्हणजे बाहेर बसून वाट बघणं नको.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी या स्त्रिया बऱ्याचदा पूर्ण टाळतात. स्त्री डॉक्टर मागता येते, सोबत कुणी हवं का ते सांगता येतं. एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, याच्या तपासणीचा नमुना स्वतःचा स्वतः घेण्याचा मार्गही आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं तो मान्य केला आहे. तो मिळेल का, हे जरूर विचारा.

## पाचवी पायरी: औषधांना प्रश्न विचारणं

सगळी अँटिसायकोटिक्स सारखं वजन वाढवत नाहीत. क्लोझापिन आणि ओलांझापिन सगळ्यात पुढे, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधोमध, अरिपिप्राझोल आणि लुरासिडोन बरंच कमी. पण ज्या गोळीनं आवाज थांबले ती केवळ वजनासाठी बदलणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. क्लोझापिन तर बाकीची हरल्यावरच देतात. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘हेच औषध ठेवून वजनासाठी काय करता येईल, आणि बदलायचं झालं तर धोका किती?’ वजन रोखण्यासाठी मेटफॉर्मिन सोबत देण्याला चांगला पुरावा आहे. ते डॉक्टरांनी सुचवलं नाही तर आपण विषय काढावा.

क्लोझापिन असेल तर चार गोष्टी पाठ असाव्यात. ताप किंवा घसा दुखणं म्हणजे त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी. सुरुवातीच्या आठवड्यांत छातीत दुखणं, धाप लागणं, विश्रांतीतही धडधड म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह असू शकतो, वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठायचं. बद्धकोष्ठता ही या औषधात किरकोळ तक्रार नसते, आतडं ठप्प होऊन जीव जाऊ शकतो. शौचाचा हिशेब वहीत ठेवायला लाजू नका. आणि डोस ४८ तासांहून जास्त चुकले तर जुन्या डोसनं पुन्हा सुरू करायचं नाही, आधी डॉक्टर.

लिथियमवाल्यांनी त्याची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासून घ्यावी, सोबत ठरावीक काळानं मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी आणि काही बीपीच्या गोळ्यांनी ही पातळी चढते, जुलाब-उलट्यांत शरीर कोरडं पडलं तरी चढते. हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, जीभ जड होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. बीपीची नवी गोळी लिहून देणाऱ्याला पहिल्या पानावरचं ‘लिथियम’ दाखवायचं, हा वहीचा सगळ्यात मोठा उपयोग.

पाळी थांबली, अंगावरून दूध आलं, किंवा लैंगिक इच्छा गेली तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध येण्याशी संबंधित संप्रेरक, तपासायला सांगा. रिस्पेरिडोन, अमिसुलप्राइड यांच्याबाबतीत विशेषतः. हे विषय कुणी आपणहून काढत नाही आणि लहानपणी ज्यांना शरीराची लाज शिकवली गेली ते तर नाहीच नाही. बोलायचं नसेल तर चिठ्ठी लिहून द्या.

## तंबाखू

सिगारेट सोडायला सांगणारे पुष्कळ, पण सोडल्यावर क्लोझापिन आणि ओलांझापिनची रक्तातली पातळी वाढते हे सांगणारे थोडे. धुरातले काही घटक यकृताला ही औषधं लवकर मोडायला लावतात. धूर थांबला की मोडणं मंदावतं आणि तोच डोस जड होतो: गुंगी, लाळ, फिट येण्याचा धोका. निकोटिनचा यात हात नाही, म्हणून पॅच किंवा च्युइंगम लावलं तरी हा परिणाम भरून निघत नाही. धूम्रपान बंद असलेल्या वॉर्डात दाखल झाल्यावरही हेच होतं, आणि घरी येऊन पुन्हा सुरू केली की पातळी उतरून लक्षणं डोकं वर काढतात. म्हणून सोडण्याची तारीख आधी डॉक्टरांना सांगा.

मानसिक आजार असलेल्यांनी तंबाखू सोडली तर आजार बळावेल, ही भीती जुनी आहे. २०१६ साली सुमारे ८,००० लोकांवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यांतल्या निम्म्या लोकांना मानसिक आजार होता. व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या गोळ्यांमुळे गंभीर मानसिक त्रास पॅच किंवा नुसत्या खोट्या गोळीपेक्षा लक्षणीय वाढला नाही. तेव्हा ‘यांना ते नको’ असं कुणी म्हटलं तर कारण विचारा.

## खाणं, चालणं, झोप

याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं, म्हणून इथे फक्त जिथे बालपण आडवं येतं तेवढंच. कपाटाला कुलूप लावू नका. औषधानं भूक खरोखर वाढते, ती हावरटपणा नसते, आणि ज्याचं अन्न लहानपणी तोडलं गेलं त्याला कुलूप दिसलं की तो लपवून खायला लागतो. गोड पेयं घरात न आणणं हे कुलूपापेक्षा शंभर पटीनं बरं. फरक छोटा असला तरी पडतो: तीव्र मानसिक आजार असलेल्या २९१ जणांवरच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात आहार आणि व्यायामाच्या गटानं दीड वर्षात इतरांपेक्षा सरासरी ३.२ किलो जास्त वजन उतरवलं. विशेष म्हणजे सुरुवातीला उतरून पुन्हा चढण्याऐवजी ते उतरतच गेलं.

व्यायामानं छाती धडधडते, घाम येतो, श्वास वाढतो. हीच भीतीचीही लक्षणं. शरीर गोंधळतं. हळू चालण्यापासून सुरुवात करा आणि ‘ही धडधड चालण्याची आहे’ हे मोठ्यानं म्हणायची सवय लावा. हास्यास्पद वाटतं, पण ताईला उपयोग झाला.

झोपेत, रात्रीत ज्यांच्यावर अत्याचार झाले ते झोपेच्या गोळीला घाबरतात, कारण गुंगीत आपल्याला जाग येणार नाही. दिवा सुरू, दाराला आतून कडी, हे आधी. वजन वाढल्यावर जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं सुरू झालं तर स्लीप ॲप्नियाची तपासणी मागा.

## डॉक्टर ‘हे मानसिक आहे’ म्हणाले तर

स्किझोफ्रेनिया लिहिलेला केसपेपर हातात असला की पोटदुखी पोटाची राहत नाही. याला उपाय म्हणून मी एक प्रश्न पाठ केला आहे, नम्रपणे विचारायचा: ‘हा आजार नसलेला माणूस हीच तक्रार घेऊन आला असता तर तुम्ही कोणती तपासणी सांगितली असती?’ निम्म्या वेळा तपासणी मिळते. दुसरी गोष्ट, तक्रार तारखेसह आणि बदलासह सांगा. ‘पोट दुखतं’ असं नको, ‘मंगळवारपासून, जेवल्यावर, याआधी कधीच नव्हतं’ असं सांगा.

ताप, अंग लाकडासारखं कडक आणि भ्रमिष्टपणा एकत्र आले. छातीत किंवा जबड्यात दुखून घाम फुटला. तोंड वाकडं झालं किंवा एक बाजू लुळी पडली. खूप तहान, वारंवार लघवी आणि सुस्ती. चार दिवस शौच नाही आणि पोट फुगलेलं. यातल्या कशासाठीही पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. स्किझोफ्रेनियात वेदना कमी सांगितली जाते, म्हणून ‘थोडंसं दुखतंय’ याला मोठं धरा.

## आघातावर थेट उपचार

सायकोसिस असलेल्यांच्या आघाताला हात लावायचा नाही, नाहीतर आजार उसळेल, असं बरीच वर्षं मानलं जायचं. नेदरलँड्समध्ये सायकोसिस आणि आघातोत्तर ताणविकार दोन्ही असलेल्या १५५ जणांना ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा दीर्घ एक्स्पोजर थेरपी (आठवणींना सुरक्षित वातावरणात पुन्हा पुन्हा सामोरं जाण्याची) यांची ८ सत्रं देऊन त्याची उपचाराची वाट बघत थांबलेल्या गटाशी तुलना केली. २०१५ साली निष्कर्ष आले: आघाताची लक्षणं कमी झाली आणि आजार उसळला नाही. प्रशिक्षित थेरपिस्ट हवा, शुभार्थीची तयारी हवी, औषधं सुरू हवीत. अशा थेरपीनं साखर उतरते असं मी म्हणणार नाही. पण रात्री झोप लागणारा आणि दंडाला पट्टा बांधू देणारा माणूस साखर तपासायला जातो, एवढं मी पाहिलं आहे. ताईची पाच सत्रं झाली आणि तिनं मध्येच थांबवलं. आम्ही आग्रह केला नाही.

## वहीचं चौथं पान

हे पान मी फार उशिरा उघडलं. पट्टा शिकताना ताई तो माझ्या दंडाला बांधायची, आणि एके दिवशी यंत्रावर १५२/९६ आलं. आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. पुढच्या आठवड्यातही तेच. मी ताईच्याच घरात वाढलो, त्याच भिंतींत. मला मानसिक आजार नाही, म्हणून माझं शरीर कुणी कधी मोजलंच नव्हतं, मीही नाही. शुभंकर जर सख्खा भाऊ किंवा बहीण असेल, तर चौथ्या पानावर त्याचंही नाव, कंबर, बीपी, साखर लिहा आणि ताईच्या तारखेलाच तपासून घ्या. आता रविवारी सकाळी पट्टा आधी माझ्या दंडाला लागतो. बटण तीच दाबते.